उच्चारित शब्दाची नभोवाणी : अहमदपूरच्या श्रोत्याचा एक दिवस

आकाशवाणीच्या कार्यक्रमांचे दोन मोठे वर्ग पडतात, संगीत आणि उच्चारित शब्द. संगीताविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. बातम्या, भाषणे, मुलाखती, कृषिसल्ला, श्रुतिका आणि नभोनाट्ये यांचा दुसरा वर्ग मात्र त्या मानाने उपेक्षित राहिला. मराठवाड्यातील बालाघाटच्या डोंगररांगेत वसलेल्या अहमदपूरसारख्या तालुक्याच्या गावी, जिथे दिवस शेतीच्या कामांवरून मोजला जातो, तिथे याच वर्गाचे मोल अधिक आहे.

भारतातील नियमित प्रसारण 23 जुलै 1927 रोजी मुंबई केंद्रापासून सुरू झाले आणि 1936 मध्ये 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव रूढ झाले. मराठवाडा त्या काळी हैदराबाद संस्थानात होता. निजाम सरकारचे स्वतःचे 'डेक्कन रेडिओ' होते आणि दरबार, कचेरी, शाळा येथे उर्दूचे प्राबल्य होते. 17 सप्टेंबर 1948 रोजी संस्थान शरण आले. 1 एप्रिल 1950 रोजी हैदराबादचे केंद्र ऑल इंडिया रेडिओत विलीन झाले. पुणे केंद्र 2 ऑक्टोबर 1953 रोजी सुरू झाले. मराठवाड्यात पुढे परभणी, औरंगाबाद, नांदेड, उस्मानाबाद अशी केंद्रे उभी राहिली. ज्या पिढीचे शिक्षण उर्दूतून झाले, तिच्या कानावर प्रमाण मराठी रोज पडू लागली ती नभोवाणीमुळे. मराठवाड्याच्या भाषिक इतिहासात या गोष्टीला आजवर मिळाले त्याहून मोठे स्थान मिळायला हवे, असे मला वाटते.

यांपैकी परभणी केंद्राची मध्यम लहर, म्हणजे लोकांच्या तोंडचे मीडियम वेव्ह, 1305 किलोहर्ट्झची असून तिची लांबी सुमारे 230 मीटर भरते. ही लहर जमिनीच्या पृष्ठाला धरून दूरवर जाते, त्यामुळे डोंगरउतारावरील वस्तीतही ती पोहोचते. एफएमच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जात असल्याने त्यांना टेकडीचा अडसर होतो. ट्रान्झिस्टरमध्ये मध्यम लहरी पकडण्यासाठी फेराइटची आडवी कांडी बसवलेली असते. तिची लांब बाजू केंद्राच्या दिशेला आली की आवाज सर्वांत स्पष्ट, टोक त्या दिशेला वळले की क्षीण. रेडिओ हातात धरून जरासा फिरवण्याच्या सवयीमागचे शास्त्र ते हे.

केंद्राचा दिवस तीन सभांत, म्हणजे प्रसारणाच्या सत्रांत, विभागलेला असतो. पहाटे वॉल्टर कॉफमन यांनी रचलेली संकेतधून वाजते, मग वंदे मातरम् आणि मंगलध्वनी. अनेक वर्षे सकाळी 6 वाजून 55 मिनिटांनी दिल्लीहून संस्कृत वार्ता येत. हा उपक्रम 1974 मध्ये सुरू झाला. पाठोपाठ 7 वाजून 5 मिनिटांनी पुण्याच्या प्रादेशिक बातम्या. सुधा नरवणे यांच्यासारख्या वृत्तनिवेदिकांचा आवाज त्यामुळे राज्यभर घराघरांत ओळखीचा झाला. दुपारच्या सभेत महिला आणि कुटुंब यांचे विषय येतात.

सायंकाळच्या सभेतील शेतीविषयक कार्यक्रम हा या दिवसाचा गाभा. परभणीत 1972 पासून कृषी विद्यापीठ असल्याने तज्ज्ञ वक्ते हाताशीच असतात. तुरीवर शेंगा पोखरणारी अळी दिसू लागली की पाच टक्के निंबोळी अर्काची कृती सांगितली जाते. पाच किलो निंबोळी चूर्ण नऊ लिटर पाण्यात रात्रभर भिजवावे. दोनशे ग्रॅम साबणाचा चुरा एक लिटर पाण्यात वेगळा भिजवावा. सकाळी चूर्णाचे पाणी फडक्याने गाळून त्यात साबणाचे पाणी मिसळावे आणि एकूण द्रावण शंभर लिटर करावे. छापील पानावर ही कृती चार ओळींत संपते. ऐकणाऱ्याच्या हाती मात्र कागद नसतो. कदाचित तो बैल सोडत असतो किंवा धार काढत असतो. म्हणून चांगला वक्ता प्रत्येक प्रमाण दोनदा उच्चारतो, एका वाक्यात एकच आकडा ठेवतो आणि कृती घडते त्याच क्रमाने बोलतो. साधेपणाची ही शिस्त कष्टाने येते.

श्रोत्यानेही बोलावे, हा विचार महाराष्ट्रात प्रत्यक्षात आणून पाहिला गेला. 1956 मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने पुणे परिसरातील पाच जिल्ह्यांत सुमारे दीडशे गावांमध्ये शेतकी श्रोतृमंडळांचा प्रयोग झाला. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राला कळवीत. पुढील कार्यक्रमांत त्यांना उत्तरे मिळत. पुणे केंद्राच्या ग्रामीण विभागात व्यंकटेश माडगूळकरांसारखा लेखक होता, हेही ध्यानात घ्यावे. गावाची भाषा ठाऊक असलेला माणूस त्या खुर्चीवर होता.

सायंकाळची सभा रात्री करमणुकीकडे झुकते. एकच नाटक वेगवेगळ्या भारतीय भाषांत अनुवाद करून देशभर सादर करण्याची योजना 1956 पासून चालू झाली. श्रुतिका या प्रकाराने मराठीत मुंबई केंद्राच्या 'पुन्हा प्रपंच' या मालिकेत लोकप्रियतेचे शिखर गाठले. बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी यांच्या केवळ आवाजांतून श्रोत्यांना एक संपूर्ण घर दिसत असे.

आकाशवाणीवर भाषण करणाऱ्याला करारपत्र येते आणि संहिता आगाऊ लिहून द्यावी लागते. दहा मिनिटांच्या भाषणाला साधारण हजार शब्द लागतात. मराठवाड्यातील कितीतरी प्राध्यापकांनी, शिक्षकांनी आणि प्रगतिशील शेतकऱ्यांनी अशा संहिता स्वतःच्या हाताने लिहिल्या आहेत. ज्यांच्या घरी त्या असतील, त्यांनी त्या रद्दीत न घालता तारखेसह जवळच्या ग्रंथालयात द्याव्यात. या भागातील पिके, रोगराई आणि बोलीतील शब्द यांचा इतका तपशीलवार लेखी दाखला अन्यत्र सहसा मिळणार नाही.