भांडी पांढरट निघतात? आधी पाणी बघा

निवृत्तीनंतर आम्ही चेन्नईत राहतो. हिच्या बोटांना संधिवात, म्हणून डिशवॉशर घेतला. वर्षभरात भांडी पांढरट, खरकटी निघू लागली. दुरुस्तीवाला म्हणाला, पंप गेला. फौजेची सवय अशी, की भाग बदलण्याआधी कारण शोधायचं.

आधी प्लग काढला. तळाची जाळी स्वच्छ होती. मग पाणी फवारणाऱ्या फिरत्या पट्ट्या काढल्या, तर निम्मी भोकं क्षाराने बुजलेली! टूथपिकने मोकळी केली. पंप ठीक होता. पाण्यालाच वाट नव्हती.

क्षार आला कुठून? इथे बोअरवेलचं, टँकरचं पाणी बहुधा क्षाराचं. २०१९च्या उन्हाळ्यात तलाव आटले, तेव्हा तर टँकरचाच आधार होता. मशीनमधले रेझिनचे दाणे पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम धरून ठेवतात. ते भरले की मिठाच्या पाण्याने धुतले जातात. आमचा मिठाचा कप्पा रिकामा होता!

त्यात डिशवॉशरचंच मीठ भरा, स्वयंपाकाचं नको. सेटिंगही तुमच्या पाण्याच्या क्षारानुसार ठेवा. शेवटी सायट्रिक ॲसिड घालून मशीन रिकामं, गरम पाण्यावर चालवलं.

नवा पंप वाचला, हिचे हातही. मीठ भरायची तारीख आता कालनिर्णयवर लिहितो.