शेण कोणाचे, टाकीत कोण उतरणार?

महाड-पोलादपूरच्या वस्त्यांतून गोबरगॅसची माहिती सांगत फिरताना एक प्रश्न मला वारंवार ऐकावा लागतो : "गुरुजी, गॅस चांगला, पण शेण कोणाचे?" प्रश्न साधा वाटतो, वास्तविक आपल्या ऊर्जाप्रसाराचे सारे दुखणे त्यात आहे.

दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे 50 किलो शेण लागते. म्हणजे गोठ्यात चार-पाच जनावरे हवीत, शेणकाला कालवायला पाणी हवे आणि खड्ड्यापुरती स्वतःची जागा हवी. शेण हवाबंद टाकीत कुजले की त्यातून निघणाऱ्या वायूत निम्म्याहून अधिक मिथेन असतो, आणि तोच शेगडीत जळतो. 1981-82 साली राष्ट्रीय बायोगॅस विकास प्रकल्प सुरू झाला, अनुदान आले. पण अनुदान संयंत्राला होते, आणि संयंत्र गुरे असलेल्याच्या दारात उभे राहते. भूमिहीन बाई पूर्वी रस्त्यावरचे, गायरानातले शेण वेचून गोवऱ्या थापीत असे. शेणाला किंमत आली की तेही मालकाचे होते. आमच्याकडे तर भाताच्या राबासाठीही शेण लागते. मग तिच्या वाट्याला उरते डोंगरावरची मोळी, आणि पावसाळ्यात ओल्या लाकडाचा धूर.

शेणाविषयी बोलताना महाडचा माणूस आणखी एक गोष्ट विसरू शकत नाही. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी आणि त्यांच्या अनुयायांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले. त्यानंतर सवर्णांनी दही, दूध, शेण, गोमूत्र घालून ते तळे 'शुद्ध' करून घेतले. जनावराची विष्ठा पवित्र आणि माणसाचा स्पर्श विटाळाचा! ज्या समाजाची ही समजूत, त्याला माणसाच्या मैल्यावर अन्न शिजवा असे सांगायचे म्हणजे केवळ तंत्र सांगणे नव्हे.

तंत्र मात्र नवे नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात 1897 साली मैल्यापासून वायू घेतला जात होता. कोकणात हा विषय आप्पासाहेब पटवर्धनांनी धरला. 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम मिळावे म्हणून झगडलेले हे गृहस्थ. त्यांच्या मार्गाशी माझे भांडण आहे. सवर्णाने झाडू हाती घेतल्याने जात जात नाही, ते कामच नाहीसे व्हावे लागते. पण आप्पांनाही हे उमगले असावे, कारण कणकवलीच्या गोपुरी आश्रमात ते संडासाच्या रचनेकडे आणि गोबरगॅसकडे वळले. उपदेशापेक्षा ही वाट मला अधिक मोलाची वाटते.

तीच वाट डॉ. मापुसकरांनी पुढे नेली. 1959 साली ते सरकारी डॉक्टर म्हणून देहूला आले. पुढे आप्पा पटवर्धन सफाई व पर्यावरण तंत्रनिकेतन ही संस्था त्यांनी उभी केली आणि संडासाला जोडलेल्या बायोगॅसचा प्रसार केला. त्यांच्या 'मलप्रभा' संयंत्रात संडास थेट टाकीला जोडलेला असतो. नवा मैला जुन्याला पुढे ढकलतो. कुणाला तो पाहावा लागत नाही, हाताळावा लागत नाही. मरणोत्तर, 2017 साली, त्यांना पद्मश्री मिळाली.

प्रचारकाने इथे हिशेब मात्र खरा सांगावा. एका माणसाच्या मैल्यापासून दिवसाला 25-30 लिटर वायू मिळतो. पाच माणसांच्या घरात त्यावर सकाळचा चहा होईल, भाकरी होणार नाहीत. खरकटे, भाजीचा निचरा घातला तर थोडी भर पडते. पण शंभर मुलांच्या वसतिगृहात हाच आकडा अडीच-तीन घनमीटरवर जातो. तिथे ना गाय लागते, ना सातबारा. म्हणून आमच्या तालुक्यांत सुरुवात वसतिगृहांपासून आणि सार्वजनिक संडासांपासून करावी असे माझे मत आहे. "त्या गॅसवरची भाकरी पोरे खातील का?" असे एका पालकाने विचारले. मी म्हटले, शेताला सोनखत घालता तेव्हा भात विचारतो का? तो हसला, पण पटलेले दिसले नाही.

तरुण कार्यकर्त्यांनी संस्थेला किंवा ग्रामपंचायतीला आधी विचारावे ते असे. 2021 च्या जुलैत सावित्रीचे पाणी महाडात कुठवर चढले होते, आणि टाकीची जागा त्याच्या वर आहे का? संडासात फिनेल, ॲसिड ओतू नये, त्याने कुजवणारे जंतू मरतात. हे सफाई करणाऱ्याला कोण सांगणार? आणि टाकीत गाळ साचून ती बंद पडली तर? आत प्राणवायू नसतो. उतरलेला माणूस वर येत नाही. उतरवला जाणारा कोणत्या वस्तीतला असतो हे आपण जाणतो. माणसाकडून असे काम करून घेणे 2013 च्या कायद्याने गुन्हा ठरते. तेव्हा गाळ पंपाने उपसण्याचा खर्च आणि त्याची जबाबदारी कोणाची, हे ठरावात नावानिशी लिहून घ्यावे, आणि मगच खड्ड्याला कुदळ लावावी.