टपालखात्याची पेढी

इंग्लंडातील रॉचडेल या गिरण्यांच्या गावी जॉर्ज हॉवर्थ नावाचे एक वजनदार गृहस्थ १८४९ साली निवर्तले, आणि ज्या बचतपेढीचा कारभार त्यांच्या हाती होता तिचे दप्तर त्यांच्या पश्चात उघडले गेले तेव्हा गोरगरिबांच्या ठेवींपैकी सुमारे ७१ हजार पौंडांचा ठावठिकाणाच लागेना. ठेवीदारांच्या पासबुकांत रकमा यथास्थित मांडलेल्या होत्या. पेढीच्या खतावणीत त्या चढल्याच नव्हत्या. प्रतिष्ठित विश्वस्तांच्या पुण्याईवर चालणाऱ्या अशा पेढ्या त्या देशात शेकड्यांनी होत्या, आणि सज्जनांच्या देखरेखीने हिशेबाच्या तपासणीची उणीव भरून निघत नाही, हे ध्यानात येण्यासाठी गरिबांना आपली पुंजी गमवावी लागली.

गावोगाव मनीऑर्डरी देणारी टपालकचेरी आहेच, तर तिनेच ठेवीही स्वीकाराव्यात, ही सूचना हडर्सफील्डच्या एका पेढीत नोकरी करणाऱ्या चार्ल्स साइक्स यांनी १८५९ मध्ये अर्थमंत्री ग्लॅडस्टन यांच्याकडे पाठविली. ग्रंथकार श्रेय साइक्स यांना देतात. मला मात्र या संस्थेचे खरे शिल्पकार वाटतात ते टपालखात्यातील जॉर्ज चेटविंड, कारण कल्पनेला कारभाराची घडी त्यांनी घातली. पोस्टमास्तराने रक्कम पासबुकात लिहून सही करावी, तारखेचा शिक्का उठवावा आणि त्याच दिवशी लंडनला वर्दी द्यावी; लंडनहून स्वतंत्र पावती टपालाने थेट ठेवीदाराच्या घरी यावी, आणि दहा दिवसांत ती न आल्यास त्याने वर दाद मागावी, असा हा बंदोबस्त होता. पोस्टमास्तर प्रामाणिक असलाच पाहिजे, अशी या व्यवस्थेची अटच नव्हती! १७ मे १८६१ रोजी कायदा झाला आणि १६ सप्टेंबरला पेढी उघडली: किमान ठेव एक शिलिंग, व्याज शेकडा अडीच, वर्षाकाठी ठेवीची मर्यादा ३० पौंड, आणि सर्वांवर सरकारी खजिन्याची हमी. लंडनच्या धनिक पेढ्यांपुढे हात न पसरता राज्यकारभाराला पैसा मिळावा, हाही ग्लॅडस्टन यांचा हेतू होता, आणि उतारवयातील टिपणात त्यांनी तो स्पष्टपणे नमूद केला आहे.

हिंदुस्थानात कलकत्ता, मद्रास आणि मुंबई येथे १८३३ ते १८३५ या काळात सरकारी बचतपेढ्या निघाल्या होत्या, आणि १८७० पासून जिल्ह्यांच्या खजिन्यांतही ठेवी घेण्याची सोय झाली होती. पण जिथे सारा भरायला जायचे त्याच कचेरीची पायरी चार पैसे शिलकीत टाकण्यासाठी कोण आपखुशीने चढणार? १ एप्रिल १८८२ रोजी टपालखात्याने आपल्या खिडक्या ठेवींसाठी खुल्या केल्या, चार आण्यांपासून रक्कम घेण्यास प्रारंभ केला, १८८६ मध्ये जिल्हा-खजिन्यांच्या पेढ्या आणि १८९६ मध्ये मुंबईसह तिन्ही राजधान्यांतील पेढ्या पोटात घेतल्या.

तथापि ही पेढी रयतेची झाली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात कुणब्यांनी सावकारांच्या खतपत्रांची होळी केली, त्यानंतर सातच वर्षांनी ही खिडकी उघडली. परंतु ज्याचे पीक खळ्यावरूनच सावकाराच्या घरी जात होते त्याने ठेव ठेवायची ती कशातून? खातेदारांत मोठा भरणा महिन्याच्या महिन्याला पगार मोजून घेणाऱ्या नोकरदारांचा होता.

या पेढीची कसोटी लागली ती १९१४ मध्ये. महायुद्धाची वार्ता येताच सरकार बुडणार अशी आवई उठली, पासबुके घेऊन लोक कचेऱ्यांवर लोटले आणि कोट्यवधी रुपये काढून घेते झाले. सरकारने एकाही मागणीस नकार दिला नाही, आणि तीनच वर्षांत त्याच खिडकीवरून त्याच लोकांना युद्धखर्चासाठी रोकड-सर्टिफिकिटे विकण्याचे धाडस त्याला करता आले: आज ७ रुपये १२ आणे द्यावेत आणि पाच वर्षांनी १० रुपये घ्यावेत, असा तो सरळ सौदा होता. स्वातंत्र्यानंतर अंमल बदलला, सौद्याचे स्वरूप फारसे पालटले नाही. १९९९ पासून अल्पबचतीचा पैसा एका स्वतंत्र राष्ट्रीय निधीत जमा होतो आणि तेथून केंद्राला व राज्यांना कर्जाऊ मिळतो.

१८७३ चा सरकारी बचतपेढी कायदाही अद्याप हयात आहे. २०१८ मध्ये त्याचे नामांतर झाले. खतावणी संगणकावर गेली, पण बचत खात्यावरील व्याजाची आकारणी अजून दहा तारखेच्या अखेरीपासून महिनाअखेरपर्यंतच्या किमान शिलकेवर होते. म्हणून मुरलेले खातेदार रक्कम भरायची ती दहा तारखेच्या आत भरतात आणि काढायची ती महिना पालटल्यावर काढतात.