चंचल महागाई आणि रिकामे हात

हिंगोली जिल्ह्यातील कयाधूकाठचे नरसी हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून महाराष्ट्रास वंद्य आहे. त्या बाजूस, किंबहुना अवघ्या मराठवाड्यात, शेतीकामास सालगडी ठेवण्याची जुनी चाल आहे. गुढीपाडव्यास साल ठरते, गड्यास उचल मिळते, आणि पुढील पाडव्यापर्यंत उभयपक्ष वचनाने बांधले जातात.

महागाई दरसाल सारख्याच गतीने वाढत असेल, तर तेवढी वाढ धरूनच बोली होते. कोणाचे फारसे बिघडत नाही. परंतु ती एका वर्षी २ टक्के व दुसऱ्या वर्षी १२ टक्के होऊ लागली, तर ठरलेल्या पैशात घर चालेल की नाही याची गड्यास धास्ती. माल स्वस्त विकला गेल्यास साल कोठून द्यावे याची मालकास विवंचना. अशा वेळी मालकास वर्षाची बांधिलकी नकोशी होऊन तो रोजंदारीवर निभावू पाहील. रोजाचे काम थांबले की गड्याचे हात रिकामे!

प्रगत राष्ट्रांतील कारखान्यांचीही गोष्ट हीच. ब्रिटनमधील १८६१ ते १९५७ पर्यंतचे आकडे तपासून प्राध्यापक फिलिप्स यांनी १९५८ साली दाखविले की, बेकारी कमी असता मजुरीचे दर झपाट्याने वाढतात. त्यावरून, थोडी महागाई सोसल्यास बेकारी हटते, असा समज रूढ झाला. पुढे १९७३-७४ मध्ये तेलाचे भाव जवळजवळ चौपट झाले, आणि १९७५ साली अमेरिकेत महागाई व बेकारी दोन्ही ९ टक्क्यांच्या आसपास पोचली. १९७६ च्या नोबेल व्याख्यानात मिल्टन फ्रीडमन यांनी याची मीमांसा केली: महागाई चंचल झाली की लांब मुदतीचे करार अवघड होतात, आणि कोणती वस्तू खरोखर दुर्मिळ झाली हे भावांवरून उमगत नाही, त्यामुळे बेकारी वाढू शकते.

दर वेळी असेच घडते, असे मात्र नव्हे. जून २०२२ मध्ये अमेरिकेत महागाई ९.१ टक्के असूनही बेकारी ४ टक्क्यांच्या आत होती. महागाई लवकरच ओसरेल हा लोकांचा भरवसा ढळला नव्हता, हे त्याचे एक कारण सांगितले जाते. असा भरवसा राहावा म्हणूनच आपल्या देशातही २०१६ साली कायद्यात दुरुस्ती होऊन महागाई ४ टक्के, फार तर २ टक्के खालीवर, राखण्याचे लक्ष्य रिझर्व्ह बँकेकडे सोपविण्यात आले.

नामदेवांचे कुळ शिंप्याचे. गजाची लांबी रोज बदलू लागली, तर शिंप्याने अंगरखा बेतावा कसा? पैसा हा व्यवहाराचा गज होय. तो स्थिर राहिला तरच पाडव्याला दिलेला शब्द पुढच्या पाडव्यापर्यंत टिकेल, असे आम्हांस वाटते.