फुलं आहेत तोवर

सकाळी 6:00
जूनचा दुसरा आठवडा, दक्षिण मिशिगन. ह्यूरन नदीकाठच्या पाणथळीत आयरिस फुललेत. पाणथळ राखण्याच्या माझ्या कामात वर्षातले हेच थोडे दिवस फार मोलाचे. फुलं गळाली की इथला मूळचा निळा आयरिस आणि युरोपातून आलेला पिवळा यांची नुसती हिरवी पाती उरतात, आणि त्यांत भल्याभल्यांची नजर फसते. चहा घेतला, डबा भरला, निघाले.

7:30
छातीपर्यंतचे रबरी बूट, फावडी, जाड पिशव्या. हातमोजे सगळ्यांना सक्तीचे, कारण आयरिसच्या रसानं कातडीची आग होते. आजच्या स्वयंसेवकांत मुलाकडे राहायला आलेले सांगलीचे एक काका आहेत. आयुष्यभर ऊस लावलेला माणूस, चिखलाला बिचकत नाही.

8:00
पाण्यात उतरलो. समोर फुलं असली तरी मी आधी पानंच दाखवते. “काका, पातं चिमटीत धरा आणि अंगठा आडवा फिरवा.” पिवळ्या आयरिसच्या पात्याच्या मधोमध एक ठसठशीत शीर लागते, डोळे मिटूनही कळेल अशी. पाती करडसर हिरवी आणि उंच, पार छातीला लागणारी. निळ्याची पाती सहसा कमरेच्या आत-बाहेर. मधली शीर असते, पण इतकी उठून नाही, आणि बुडाशी बहुतेकदा जांभळट झाक. काकांनी दोन्ही पाती चाचपून पाहिली, मग पुन्हा पाहिली. “ताई, फरक आहे, पण एवढ्यावर मी उपटणार नाही,” म्हणाले. हेच मला हवं होतं. सावलीत झाड उंच होतं, उथळ जागी खुरटं राहतं. एका खुणेवर निकाल द्यायचा नाही.

फुलावर मात्र देता येतो. मिशिगनमध्ये रानात पिवळं फुलणारा एकही आयरिस मूळचा नाही. निळ्या-जांभळ्या फुलांचे इथले मोठे आयरिस दोन: उत्तरेकडे आयरिस व्हर्सिकलर, दक्षिणेकडे आयरिस व्हर्जिनिका. खाली झुकलेल्या पाकळीच्या बुडाशी पाहायचं. व्हर्जिनिकाला तिथे गडद पिवळा, बारीक लव असलेला पट्टा. व्हर्सिकलरचा ठिपका हिरवट पिवळा आणि गुळगुळीत. दोघेही घरचे, दोघांनाही हात लावायचा नाही. व्हर्सिकलरला तर क्वेबेकनं 1999 मध्ये आपलं प्रांतफूल केलं.

10:30
काका एका झुडपापाशी थांबले. पातं चुरगाळून नाकाला लावलं. “अहो, हे तर वेखंड!” वेखंडच होतं. वेखंडाची पातीही आयरिससारखीच तलवारी, पण चुरगाळली की वास येतो. आयरिसला तो नाही. इथे वेखंडाचेही दोन प्रकार आहेत. एक मूळचा अमेरिकी, त्याच्या पात्यात सारख्या उठावाच्या बऱ्याच शिरा. दुसरा बाहेरून आणलेला, त्याची एकच शीर ठळक. काकांच्या हातातला दुसरा. नोंद केली.

11:15
आता खणणं. पिवळ्या आयरिसचे कंद एकमेकांत गुंतून घट्ट चटई विणतात. तिच्यात गाळ अडकतो, जमीन वर येते, लव्हाळे गुदमरतात, ओलं कोरडं होऊ लागतं. कापलेला कंद आतून गुलाबीसर दिसतो. एक तुकडा राहिला तरी पुन्हा फुटतो, म्हणून चिखल हातानं चाळायचा. जिथे खणता येत नाही तिथे पाती पाण्याखाली छाटायची. कंदाला हवा मिळाली नाही की तो कुजतो. बी तरंगतं आणि प्रवाहाबरोबर दूर जातं, म्हणून कोवळ्या शेंगाही पिशवीत. यातलं काही खतखड्ड्यात टाकायचं नाही.

1:30
जेवण. मग फोटो आणि ठिकाणं मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या ‘मिसिन’ नोंदप्रणालीत भरली.

3:30
वरच्या वळणावर एका आजींचं घर, अंगणात तळं, तळ्याकाठी पिवळा आयरिस. रोप त्यांना मैत्रिणीनं प्रेमानं दिलेलं. या झाडाचा इथला इतिहास असाच आहे: शोभेसाठी आलं, काठ धरून ठेवतं म्हणून लावलं गेलं, आणि एकोणिसाव्या शतकातच रानात गेलं. वॉशिंग्टन, ओरेगॉन, मॅसॅच्युसेट्समध्ये विक्रीला बंदी आहे. तरी कुंपणावरून रोपं दिली-घेतली जातातच. आजींनी सगळं ऐकलं, तळ्यापासून नदी किती लांब आहे ते स्वतःच सांगितलं, आणि काढायला होकार दिला.

5:00
अवजारं आणि बूट धुऊन घरी. अमेरिकेत अंगणात तळं करणाऱ्या आपल्या माणसांना एवढंच सांगते: पिवळा आयरिस कुणी फुकट दिला तरी लावू नका, मिशिगनच्या आसपास असाल तर नर्सरीत व्हर्सिकलर किंवा व्हर्जिनिका मागा. आणि ओढ्याकाठी संशयाचं झाड दिसलं, पण त्याला फूल नसेल, तर उपटू नका. फोटो काढा, जागा लिहून ठेवा आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा जाऊन पाहा.