आधी वायफाय, मग वेबसाइट

14 ऑक्टोबर 2025ला विंडोज 10चा नियमित सपोर्ट संपला. विंडोज 11ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीपासूनचा लागतो. त्यामुळे सातव्या पिढीचे, कंपन्यांनी वापरून विकलेले, अजून धडधाकट असलेले लॅपटॉप सेकंडहँड बाजारात आले आहेत. मीरा रोडहून लोकलने ग्रँट रोडला उतरलं की लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, ते मिळतात.

मीरा रोडला पूनम सागरमध्ये आमच्या मजल्यावर राहणारी, वेब डेव्हलपमेंट शिकणारी मुलगी तसाच एक घेऊन आली. "काका, यावर लिनक्स टाकलं तर सगळं चालेल ना?" असं तिने विचारलं. याचं उत्तर तोंडी देता येत नाही, यंत्रालाच विचारावं लागतं.

उबुंटू 24.04ची आयएसओ फाइल डाउनलोड केली, चेकसम जुळवला, पेनड्राइव्हवर चढवली आणि लॅपटॉप त्यावरून सुरू केला. 'ट्राय उबुंटू' निवडलं की हार्ड डिस्कला हात न लावता सगळी सिस्टिम पेनड्राइव्हवरून चालते. डेस्कटॉप दिसला की बरेच जण लगेच इन्स्टॉल करायला घेतात. खरी तपासणी तर तिथून पुढे असते.

पहिली परीक्षा वायफायची. घरचं नेटवर्क यादीत दिसलं, तरी मी तिला टर्मिनलमध्ये 'एलएसपीसीआय' ही कमांड के पर्यायासह द्यायला लावली. कोणत्या भागाला कोणता ड्रायव्हर लागला आहे ते त्यात दिसतं. वायफाय चिपखाली 'आयडब्ल्यूएलवायफाय' आलं. हा इंटेलच्या चिपचा, लिनक्सच्या कर्नलमध्येच असलेला ड्रायव्हर. मला या एका ओळीचं मोल फार वाटतं. ड्रायव्हर कर्नलमध्ये असेल तर कर्नल बदलताना तोही सांभाळला जातो. काही ब्रॉडकॉम चिपना लागतो तसा बाहेरून बसवलेला असेल, तर नव्या कर्नलबरोबर तो पुन्हा तयार करावा लागतो आणि सिक्युअर बूट चालू असेल तर त्यावर डिजिटल सहीही लागते. यात कुठे बिनसलं की अपडेटनंतर वायफाय बंद, आणि उपाय शोधायला हवं असतं इंटरनेटच. अशा वेळी मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग करावं. ते बहुतेक वेळा लगेच चालतं.

मग झाकण. बंद केलं, चहा होईपर्यंत तसंच ठेवलं आणि उघडलं. स्क्रीन उजळली, वायफाय पुन्हा जोडलं गेलं. दुकानात ही चाचणी सहसा कुणी करत नाही, आणि लिनक्सवर लॅपटॉप अडखळतात ते बऱ्याचदा इथेच. मग स्पीकर, हेडफोन जॅक, कॅमेरा, ब्राइटनेसच्या कळा, एचडीएमआयवरून टीव्ही. 'यूपॉवर' कमांडने बॅटरीची मूळ क्षमता आणि आज भरणारी क्षमता, दोन्ही दाखवल्या. भाव करताना हे आकडे हाताशी असावेत. बोटाचा ठसा घेणारा सेन्सर मात्र ओळखला गेला नाही. पासवर्ड टाइप करायला तिची हरकत नव्हती, म्हणून तो नाद सोडला.

लिनक्ससाठी मी थोडं जुनं यंत्रच सुचवतो. कोऱ्या मॉडेलमधल्या चिपचे ड्रायव्हर कधी कधी अगदी ताज्या कर्नलमध्येच असतात आणि दीर्घकाळ सपोर्ट मिळणाऱ्या एलटीएस आवृत्तीत यायला वेळ लागतो. काही वर्षं लोकांच्या हातात असलेल्या यंत्राच्या खोडी तोवर कुणीतरी निस्तरलेल्या असतात.

आता कामाचं. वेबसाइट शेवटी ज्या सर्व्हरवर जाते, तो बहुधा लिनक्सचा असतो. विंडोजवर, आणि नेहमीच्या सेटिंगमध्ये मॅकवरही, फाइलच्या नावातलं अक्षर कॅपिटल लिहिलं काय नि स्मॉल लिहिलं काय, फाइल तीच उघडते. लिनक्सवर त्या दोन वेगळ्या फाइली. घरी दिसणारा लोगो सर्व्हरवर गायब होतो तो यामुळे. तिचा जुना प्रोजेक्ट इथे उघडला तेव्हा अशी चित्रं तिला लगेच सापडली.

विंडोज सोडता येत नसेल तर विंडोजमध्येच लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल 2 आहे. त्यात खरा लिनक्स कर्नल व्हर्च्युअल मशीनमध्ये चालतो. फक्त प्रोजेक्ट सी ड्राइव्हवर न ठेवता लिनक्सच्या बाजूला ठेवावा, नाहीतर काम मंदावतं आणि फाइल सेव्ह केल्यावर ब्राउझरमधलं पान आपोआप बदलेनासं होतं. मॅकमध्ये यंत्र आणि सिस्टिम एकाच घरची, ड्रायव्हरची काळजी नाही. खऱ्या सफारी ब्राउझरमध्ये पान तपासायलाही ॲपलचंच यंत्र लागतं. पण कंटेनर चालवणारं डॉकर तिथेही लिनक्सचं व्हर्च्युअल मशीन चालवूनच काम करतं, आणि शिकणाऱ्या मुलीच्या घरच्यांनी मॅकसाठी हप्ते डोक्यावर घ्यावेत हे मला पटत नाही. सफारीच्या वेबकिट इंजिनवर पान कसं दिसतं याचा अंदाज जीनोमच्या 'वेब' ब्राउझरमध्ये येतो.

आपल्याला मराठी पानंही करायची असतात. इनस्क्रिप्ट कीबोर्ड जोडून 'दुसऱ्या' आणि 'कऱ्हाड' यांतला 'ऱ' नीट उमटतो का, ते टाइप करून पाहावं. अडलं तर आयआयटी मुंबईत सुरू झालेल्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्सचे पाठ मराठीतही आहेत.

शेवटी तिने उबुंटूच ठेवलं. 24.04 आवृत्तीला 2029पर्यंत मोफत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत, तोवर तिचं शिक्षण होऊन नोकरीही लागलेली असेल. तुम्हीही जुना लॅपटॉप घ्यायला निघालात तर तयार पेनड्राइव्ह खिशात ठेवा आणि पैसे देण्याआधी त्यावरून यंत्र सुरू करून पाहा. दुकानदार नाही म्हणाला, तर पुढचं दुकान गाठा.