हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ

हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरीच्या रहिवाशांना सर्वांत जवळचा विमानतळ म्हणजे नांदेडचा. उपचार, मुलाखत किंवा व्यापार यांसाठी दूरच्या शहरी जाणाऱ्यांना विमानप्रवासाचा विचार करावा लागतो. अशा वेळी वेळापत्रकातील आकडा आणि प्रत्यक्ष लागणारा वेळ यांतील फरक समजून घेणे हिताचे ठरते. ठरलेली वेळ चुकली, तर पैसा आणि प्रयोजन दोन्ही वाया जातात.

हवाई अंतर अक्षांश-रेखांशांवरून काढतात. कळमनुरी व नांदेड जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत. त्यांच्या अक्षांशांत सुमारे अर्ध्या अंशाचा, म्हणजे 30 कलांचा फरक आहे. अक्षांशाची एक कला म्हणजे साधारण एक सागरी मैल, अर्थात 1.852 किलोमीटर. त्यामुळे ही दोन ठिकाणे सरळ रेषेत सुमारे 55 किलोमीटरवर येतात. आखाडा बाळापूर, वारंगा फाटा, अर्धापूर या मार्गाने जाणारा रस्ता मात्र याहून लांब पडतो.

उदाहरणादाखल नांदेड-मुंबई हा मार्ग घेऊ. हे विमानतळ साधारण एकाच अक्षांशावर असून त्यांतील हवाई अंतर सुमारे 470 किलोमीटर आहे. दूरच्या मार्गांवर पृथ्वीच्या गोलाईचा परिणाम ठळक होतो. मुंबईहून न्यूयॉर्कला जाणारा सर्वांत जवळचा मार्ग सपाट नकाशावर उत्तरेकडे वाकलेला दिसतो, तो याच कारणाने.

ताशी 500 किलोमीटर वेगाच्या, पंख्यांच्या विमानाला 470 किलोमीटर कापण्यास हिशेबाने 56 मिनिटे लागावीत. तथापि धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे, उतरण्यासाठी वेग कमी करणे आणि गर्दीच्या विमानतळावर आकाशात वाट पाहणे यांत आणखी वेळ जातो. म्हणून अशा मार्गासाठी सव्वा तास धरणे योग्य होय. वाऱ्याचाही वाटा असतो. पश्चिमेकडून ताशी 50 किलोमीटरचा वारा असल्यास मुंबईकडे जाताना 63 मिनिटे, तर परतताना 51 मिनिटे पुरतात.

कळमनुरीच्या प्रवाशाचा हिशेब घरापासून सुरू होतो. नांदेडपर्यंत मोटारीने सुमारे दीड तास, तपासणीसाठी उड्डाणापूर्वी दीड तास, विमानात सव्वा तास आणि उतरल्यावर बाहेर पडण्यास अर्धा तास, असे एकूण पावणेपाच तास होतात. यांपैकी विमानातील वेळ जेमतेम चौथा हिस्सा आहे. पावसाळ्यात वाटेतील खोळंब्यासाठी आणखी तासभर हाताशी ठेवणे इष्ट.

नांदेडचा विमानतळ 2008 मध्ये गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीच्या सुमारास विस्तारला. ‘उडान’ योजनेखाली 27 एप्रिल 2017 रोजी नांदेड-हैदराबाद सेवा सुरू झाली. हे हवाई अंतर सुमारे 245 किलोमीटर आहे. पुढे ती सेवा बंद पडली. छोट्या विमानतळांवरील सेवा अशा बदलत असल्याने निघण्यापूर्वी चालू वेळापत्रक पाहणे अगत्याचे आहे.

विमानाचा वेग वाढवणे कोणा प्रवाशाच्या हाती नाही. परंतु गावापासून विमानतळापर्यंतचा रस्ता सुधारला, तर त्या तीन चतुर्थांश वेळेत बचत होऊ शकते. हवाई सेवेचा लाभ तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचण्यासाठी चांगला रस्ता ही पहिली गरज आहे.